डोळ्यांच्या उंचीवरची रेघ

कागद भिंतीवर चिकटवून तो शिडीवरून उतरला आणि नीट दिसावं म्हणून मागे सरकत सरकत पार दारापर्यंत आला, तेवढ्यात अक्का चहाचे दोन कप घेऊन आतून आली, तिनं भिंतीकडे पाहिलं आणि तिच्या हातातला ट्रे कलंडला. एक कप फुटला. दुसरा त्यानं कसाबसा धरला, म्हणजे कप हातात आणि चहा मनगटावर. अक्का दाराची चौकट धरून उभी होती, डोळे गच्च मिटलेले. “ते काढ आधी,” ती म्हणाली. त्याला वाटलं, आवडलं नाही. साठी जवळ आली, केस गेले, चार शहाण्या माणसांत नाव झालं, तरी अक्काला आवडलं नाही की तो अजूनही सारवासारव करायला लागे. तो घाईघाईनं सांगू लागला की हा नुसता नमुना आहे, रंग अजून बदलता येतील, प्रत्यक्षात हे खूप लांबून बघायचं आहे. “ठोंब्या,” अक्का डोळे न उघडता म्हणाली, “मी पडेन. ते काढ.”

त्यानं कागद ओढून काढला. चिकटपट्टीबरोबर भिंतीचा रंगही निघाला. अक्का चौकटीला टेकत टेकत, एखादी जड पेटी खाली ठेवावी तशी स्वतःला जमिनीवर ठेवती झाली, फुटक्या कपापासून पाय मात्र व्यवस्थित लांब घेऊन. “आता?” त्यानं विचारलं. “आता थांबली खोली.” हे वाक्य तिच्या तोंडून इतकं सहज, इतकं सवयीचं आलं की खोली फिरण्याची ही पहिली वेळ नाही हे त्याला तिथल्या तिथे समजलं. “कधीपासून?” “काय कधीपासून?” “अक्का.” “होतं रे मधून मधून. वय झालं. तुझंही होईल, काळजी करू नकोस.” आणि मग काचा गोळा करता करता त्याला आपलंच घर दिसायला लागलं. बोळात मध्येच एक खुर्ची उभी होती. गेले कित्येक दिवस ती तिथे आहे आणि आपण तिला वळसा घालून जातो आहोत. कपाटाचा हाताच्या उंचीचा कप्पा रिकामा केलेला होता, हात टेकायला जागा असावी म्हणून. वरच्या दोरीवर कपडे घालणं अक्कानं बंद केलं होतं. खालच्या दोरीवर लवकर वाळतात, असं ती म्हणाली होती आणि त्यानं ते शास्त्र म्हणून ऐकून घेतलं होतं. हाक मारली की ती नुसती मान वळवत नसे, अख्खीच्या अख्खी वळे, सलामी द्यायला वळावं तशी. याच्यावर तो हसलाही होता. भिंतीवर माणसाची नजर आधी कुठे जाते, तिथून कुठे घसरते, कुठे अडते, एवढ्याच ज्ञानावर ज्याचं पोट चाललं, त्याच्या घरात त्याची बहीण महिनोन्‌महिने वस्तूंना धरून चालत होती आणि त्याची नजर कुठेही अडली नव्हती.

अक्का आठ दिवसांसाठी राहायला आली होती. भाऊजी गेल्यावर, जरा हवापालट म्हणून. त्या आठ दिवसांना आता इतकी वर्षं झाली होती की दोघांपैकी कुणी त्याबद्दल बोलत नसे, फक्त अधूनमधून भांडण झालं की ती म्हणे, “माझे आठ दिवस भरले, जाते मी,” आणि आत जाऊन त्याच्या सदऱ्याची बटणं लावत बसे. त्याचं लग्न व्हायचं राहूनच गेलं होतं. ‘राहून गेलं’ हा शब्दही अक्काचाच, बाजारातून काहीतरी आणायचं राहून जावं तसा. ती शाळेत कवायत शिकवायची. निवृत्त झाली तेव्हा तिच्या हाताखालून किती मुली गेल्या असतील कुणास ठाऊक, पण रस्त्यानं तिच्याबरोबर चालताना कुणीतरी प्रौढ बाई एकदम पाठ ताठ करी, आणि त्याला कळे, ही एक. लहानपणी एका आजारपणात डॉक्टरांनी त्याला धावायला बंदी केली होती, आणि घरी सांभाळायला कुणी नाही म्हणून अक्का त्याला आपल्या शाळेत नेऊन दुसऱ्या मजल्याच्या कठड्यापाशी बसवून ठेवत असे. ती तेव्हा नुकती लागली होती, स्वतःच पोरगेली. खाली मैदानावर मुलींच्या रांगा. एक दिवस अक्कानं शिट्टी फुंकली आणि पहिल्या रांगेनं हात वर केले. ते खाली येतायत तोवर दुसरीनं, मग तिसरीनं. त्याच्या डोळ्यांसमोर मैदानाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत काहीतरी पांढरं सळसळत गेलं. मुली जिथल्या तिथे होत्या. एकीनंही पाऊल उचललं नव्हतं. मग गेलं ते काय? कठड्याच्या गजांना गाल लावून तो बघत राहिला. त्यानंतर तो जे जे शिकला, पट्टी, कंपास, कोन, त्रिकोण एकेक अंशानं कलता ठेवला की त्याला चाल कशी येते, उभ्या पट्ट्या अरुंद करत नेल्या की सपाट भिंत आत कशी ओढली जाते, ते सगळं त्या एका ‘काय?’चं उत्तर होतं. हे त्यानं अक्काला कधी सांगितलं नव्हतं. असल्या गोष्टी सांगायला आपल्या माणसांत जागाच नसते.

कानाच्या डॉक्टरीण बाई तरुण आणि घाईत होत्या, पण समजावून सांगायचा त्यांना कंटाळा नव्हता. एका कानातला तोल सांभाळणारा भाग अशक्त झालाय, त्या म्हणाल्या. आता मेंदू डोळ्यांच्याच भरवशावर आहे. व्यायाम करा, पुष्कळ फरक पडेल, पूर्ण जाईल असं मात्र मी सांगणार नाही. चालताना समोर एक स्थिर जागा धरायची, आणि मुख्य म्हणजे डोळ्यांची फसवणूक होईल असं काही बघायचं नाही. “अवघड आहे,” अक्का गंभीरपणे म्हणाली. “आमच्या घरात तोच धंदा आहे.” डॉक्टरीण बाईंना काही कळलं नाही. त्याला हसू आलं, पण घरी येईपर्यंत तो एकच शब्द मनात घोळवत राहिला. फसवणूक. लोक म्हणायचे, तुमची भिंत जिवंत वाटते; बघणारा एक क्षण हेलपाटला की आपण जिंकलो असं त्याला वाटायचं. एका कार्यालयात त्याच्या भिंतीसमोर बसणाऱ्या बाईंनी आपलं टेबलच फिरवून घेतलं होतं आणि तो ती गोष्ट मित्रांना गमतीनं सांगायचा. आता त्या बाईंची पाठ त्याला आठवत राहिली.

आणि भिंत तर द्यायची होती. नव्या तरणतलावाच्या इमारतीत दारापासून पाण्यापर्यंत एक लांबलचक उताराची वाट होती, तिच्या डाव्या हाताची सबंध भिंत त्याला मिळाली होती. आर्किटेक्ट मॅडमनी जागा दाखवतानाच सांगितलं होतं, “लोक इथून चालायला लागले की पोहायला लागल्यासारखं वाटलं पाहिजे.” अक्कानं पाहिलेलं ते चित्र मंजूरही झालं होतं: काळ्यापांढऱ्या बारीक पट्ट्या, मध्ये निळ्याच्या तीन छटा, सगळं असं काही आवळत आणि सैल होत जाणारं की भिंत श्वास घेतेय असं वाटावं. त्याच्या मते त्यानं केलेलं हे सगळ्यात चांगलं काम होतं. ते गुंडाळून त्यानं कपाटावर टाकलं आणि नव्यानं बसला. अक्कानं हे दोन दिवस पाहिलं आणि तिसऱ्या दिवशी टेबलापाशी खुर्ची ओढली. “दाखव.” “तुला त्रास होईल.” “होईल तर होईल. ज्या वाटेवर माझ्यासारखी बाई आडवी पडेल असली भिंत रंगवू नकोस. दाखव.” मग रोज सकाळी व्यायाम झाल्यावर ती त्याची चित्रं तपासू लागली. अंगठा समोर धरून, मान डावी-उजवी करत, ती स्वतःलाच ओरडत असे: मान वळव, डोळे नाही, डोळे कुठे चालले! आणि त्यानंतर त्याच आवाजात निकाल: “हे बरं आहे.” “हे फिरतं.” “हे बघून मळमळलं, पण सुंदर आहे, टाकू नकोस, दुसरीकडे वापर.” त्यानं पट्ट्या रुंद केल्या, काळ्याच्या जागी राखाडी घातला, त्रिकोणांचे गोल केले. जे अक्काला चाले ते मेलेलं असे. जे जिवंत असे ते अक्काला पाडे. कधीकधी ती डोळे मिटून टेबलाची कड धरी आणि त्याच्या मनात पहिला विचार येई की हे जमलंय, आणि दुसरा विचार येईपर्यंत मध्ये जो क्षण जाई त्याची त्याला भीती वाटायला लागली.

एका दुपारी त्यानं वैतागून एक लांब चित्र रद्दीत टाकायला घेतलं. गुंडाळी होईना म्हणून पंख्यासारख्या घड्या घातल्या, पुढे-मागे, पुढे-मागे, आणि ते धूड भिंतीला टेकवून तो हात धुवायला गेला. कागद आपोआप थोडा उलगडला आणि करवतीच्या दात्यांसारखा उभा राहिला. अक्का तेव्हा चालण्याचा व्यायाम करत होती, खिडकीपासून दारापर्यंत, दारापासून खिडकीपर्यंत. “ए, इकडे ये,” तिनं हाक मारली. “हा बघ. हा माझ्याबरोबर येतोय.” “कोण?” “हा कागद. मी चालले की चालतो, मी थांबले की थांबतो. गुणी आहे.” त्यानं ओले हात तसेच धरून पाहिलं. घडीची एक बाजू डावीकडून दिसायची, दुसरी उजवीकडून; माणूस पुढे सरकेल तशी एक मिटत जायची आणि दुसरी उघडत जायची. त्यात नवीन काही नव्हतं, ही युक्ती त्याला विद्यार्थी असल्यापासून माहीत होती आणि खेळण्यातली म्हणून त्यानं ती कधी हातात धरली नव्हती. “चक्कर?” “नाही ना. मी हलते म्हणून तो हलतो. हे माझ्या पायांना माहिती असतं.” ती पुन्हा चालली, थांबली, एक पाऊल मागे आली, कागदाला लपंडाव खेळायला लावत. तिच्या चेहऱ्यावर अशी मिस्किली त्यानं बऱ्याच दिवसांत पाहिली नव्हती. तो तसाच खाली बसला आणि फरशीवर ओल्या बोटानं त्रिकोण काढायला लागला.

आर्किटेक्ट मॅडम अर्थातच चिडल्या. मंजूर झालेलं चित्र आता बदलायचं? आणि सपाट भिंतीवर तिकोनी लाकडी पट्ट्या ठोकायच्या, वरपासून खालपर्यंत, या टोकापासून त्या टोकापर्यंत? त्यानं पुठ्ठ्याचं लहान रूप बनवून नेलं होतं. ते टेबलावर ठेवून तो म्हणाला, “तुम्ही नुसत्या याच्यासमोरून जा.” त्या गेल्या. पट्ट्यांच्या एका अंगावर निळ्या अर्धवर्तुळांची ओळ होती, प्रत्येक पुढचं अर्धवर्तुळ मागच्यापेक्षा किंचित खाली. पाण्याकडे जाताना ती एकामागून एक उतरत, सूर मारणाऱ्याच्या पाठीसारखी. परत फिरल्यावर पट्ट्यांचं दुसरं अंग दिसे आणि तीच अर्धवर्तुळं पिवळसर होऊन वर चढत. मॅडम दोनदा गेल्या आणि दोनदा आल्या. मग वाकून म्हणाल्या, “हे काय? मधून ही एक आडवी रेघ कशाला? सगळं हलतंय आणि ही ढिम्म.” “ती पाहिजे.” “आणि ती दातेरी दिसतेय. वर-खाली.” “तुम्ही खाली बसा.” त्या खरंच गुडघ्यांवर बसल्या. “हं. आता सरळ झाली.” “ज्याचे डोळे त्या रेघेच्या उंचीवर असतील त्याला ती सरळच दिसते, पट्ट्या कितीही आत-बाहेर असू देत. बाकीच्यांना जराशी दातेरी. भूमितीच तशी आहे.” “मग बहुतेक लोकांना दातेरीच दिसणार की! कुणाच्या उंचीवर ठेवणार आहात?” काहीतरी व्यावसायिक उत्तर द्यायचं त्यानं ठरवून ठेवलं होतं. सर्वसाधारण उंची, सरासरी, असं काही. “माझ्या बहिणीच्या,” तो म्हणाला आणि सगळं सांगून बसला. मॅडमनी गुडघ्यांवरूनच ती रेघ पुन्हा एकदा पाहिली. “उंचीला माझी आई तेवढीच आहे,” त्या म्हणाल्या आणि उठताना टेबलाला धरून उठल्या. “सुतार मी बघते. पण तारीख मात्र पुढे जाणार नाही.”

अक्काला त्यानं दाराशी उभं केलं आणि डोळ्यांच्या रेषेत पेन्सिलीची खूण केली. “शिवायचंय का मला काही?” “उभी राहा ना नीट.” “मी वाढतेय की आटतेय ते बघतोयस?” “बोलू नकोस, हलतेस.” “मी हलत नाही. मला तेवढं एकच कळतं सध्या, मी हलतेय की नाही.” खुणेशी पट्टी धरून उभं असताना तिच्या केसांच्या मुळांशीचं पांढरं इतकं जवळून त्याला दिसलं, आणि कारण नसताना त्याला वाटलं, आपण आजवर कधी हिची उंची पाहिलीच नाही. लहानपणापासून ती वरच होती. तो तिच्या खांद्याला लागला, मग तिच्या बरोबरीचा झाला, मग पुढे गेला, पण मनातली मान मात्र अजून वर करूनच तो तिच्याशी बोलत होता. आणि आता पेन्सिलीची खूण त्याच्या हनुवटीपाशी होती.

पट्ट्या लागायला आणि रंगायला वेळ गेला. काम कुठे अडलं, कुठे जुळलं, हे संध्याकाळी तो अक्काला सांगे. भिंत मात्र पुरी होईपर्यंत दाखवायची नाही, असं त्यानं ठरवलं होतं. रोज रेघ ओढताना गुडघे वाकवून, डोळे तिच्या उंचीवर आणून तो बघायचा. हाताखालच्या रंगाऱ्यांतला मोठा म्हणाला, “साहेब, रेघ बघायला वाकता की देवाला?” दिवसभर असं वाकून त्याची कंबर धरली. पण त्या वाकण्यात एक वेगळंच काही होतं. त्या उंचीवरून ती वाट जास्त लांब दिसे, दाराच्या मुठी वर जात, समोरून येणारी माणसं अंगावर येत. ही अशी बघते तर, त्याला वाटे. सगळं हे असं.

उद्घाटनाच्या दोन दिवस आधी, सकाळी, तो अक्काला घेऊन गेला. वाटेच्या तोंडाशी ती थांबली. तिचा हात त्याच्या दंडावर होता आणि बोटं आवळलेली. “सोड मला,” ती म्हणाली, खरं तर धरलं तिनंच होतं. मग तिनं एकेक बोट सोडवलं. तो जागेवर राहिला. ती निघाली, पाय थोडे फाकवून, हात अंगापासून किंचित सुटे, आणि तिच्या बाजूला भिंत निघाली. निळी अर्धवर्तुळं उघडू लागली, एक, मग पुढचं, मग त्याच्या पुढचं, तिच्याच वेगानं, तिच्या खांद्याशी खांदा लावून उतरत. मध्यावर ती थबकली. भिंत थबकली. धावत जावं तर आपल्या धावण्यानं तिचा तोल जाईल, ओरडावं तर ती अख्खी वळेल. ती भिंतीकडे तोंड करून उभी होती. “ही रेघ सरळ आहे,” ती तिथूनच म्हणाली. “हो.” “सगळीकडे?” “तुला सगळीकडे.” ती रेघेकडे बघत राहिली. मग नाक ओढलं, “पिवळा येताना दिसतो वाटतं. तो जरा आगाऊ आहे,” असं म्हणाली आणि पुढे चालायला लागली. तो मागून गेला, अंतर ठेवून.

वाट संपली तिथे दार होतं आणि आत पाणी. तलाव भरून ठेवला होता, अजून कुणी उतरलं नव्हतं. पलीकडच्या काठावर एक रुंद खांद्यांची बाई शिडीचे नटबोल्ट तपासत होती. वरच्या काचेतून ऊन पडलं होतं. तळाशी काळ्या फरश्यांच्या सरळ रेघा आखलेल्या, आणि पाणी त्यांना वाकवत होतं, तोडत होतं, जोडत होतं, पुन्हा तोडत होतं. त्यानं कपाटावर टाकलेल्या चित्राहून हे शंभरपट वाईट होतं. “अक्का, खाली बघू नकोस,” तो म्हणाला, पण तिनं चपला काढल्या होत्या, काठाशी जाऊन ती सावकाश बसली होती आणि पायजमा गुडघ्यापर्यंत वर घेऊन पाय पाण्यात सोडून खालीच बघत होती. तो तिच्या मागे येऊन उभा राहिला, हात अर्धवट पुढे. “फिरतंय?” “नाही.” तिलाच त्याचं नवल वाटलेलं दिसलं. “हे खरंच हलतंय ना रे?” “खरंच हलतंय.” “मग झालं तर. डोळे म्हणतात हलतंय, आणि हलतंयच. आत भांडण नाही.” तिनं एक पाय उडवला. रेघा फुटून दूर गेल्या. “तुझी भिंत चांगली आहे, ठोंब्या. फार चांगली आहे. पण हे बघ तरी.”

तो बघत होता. आपल्याला वाईट वाटतंय का हे त्यानं तपासून पाहिलं, वाटत नव्हतं. “मला पोहता येत नाही,” अक्का म्हणाली. “एवढ्या पोरींना उड्या मारायला शिकवलं, पण पाण्यात मी कधी गेले नाही. भीती वाटायची.” असं काही ती आजवर बोलली नव्हती. आणि लगेच तिनं मैदानावरचा आवाज काढून पलीकडच्या बाईला हाक मारली, “अहो! इथं मोठ्या माणसांना कोण शिकवतं?” बाईंनी मान वर केली. त्यांची पाठही, कोण जाणे का, ताठ झाली. “मीच. कुणाला शिकायचंय?” “आम्हा दोघांना.” “मला?” तो म्हणाला. “मग मी एकटीनं बुडू? काढ बूट.” त्यानं बूट काढले, मोजे काढून बुटांत खुपसले, विजार वर दुमडली आणि तिच्या शेजारी बसून पाय आत सोडले. पाणी वाटलं होतं त्यापेक्षा पुष्कळ गार होतं. अक्कानं त्याचा दंड घट्ट धरला. आधारासाठी नव्हे, तो मागे सरकेल म्हणून.